बगळ्याचा पाय तिसऱ्यांदा गळाला: भिंतीवरचं चित्र एकाच जागी पुन्हा पुन्हा का सुटतं?

आमच्या बाहेरच्या खोलीच्या एका भिंतीवर मी तळं रंगवलंय. वरून झुकलेली फांदी, मध्ये निळसर-हिरवं पाणी आणि डाव्या कोपऱ्यात, जमिनीपासून हातभर उंचीवर, लव्हाळ्यात उभा असलेला एक बगळा. रंगवून चार महिने होतात न होतात तोच बगळ्याच्या पायावर नखाएवढा फुगवटा आला. बोट लावलं तर पायच हातात आला. उरलेला रंग काढून मी पाय पुन्हा काढून दिला. सात महिन्यांनी परत तेच. तोवर जरा शहाणी झाले होते, म्हणून खरवडून, प्रायमर मारून मग रंग लावला. तरी एक दिवस धाकटी ओरडलीच, "आई, बगळा परत लंगडा झाला!"

या खेपेला मी महागातला रंग आणायला निघाले होते. शेजारच्या घरात काम करणारे एक वयस्कर रंगारीकाका जिन्यात भेटले, त्यांना सहज सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "ताई, सुटलेला पोपडा फेकलात का? तो उलटा करून बघायचा असतो." पोपडा केराच्या डब्यातच होता. काढला, उलटा केला आणि वर्षभर मी भलत्याच गोष्टीशी झटत होते हे तिथं कळलं.

ज्यांच्या घरी चित्र एकाच जागी परत परत सुटतंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. अशा वेळी चित्राच्या रंगाला दोष देण्यात फारसा अर्थ नसतो. खालचा कुठला तरी थर हात सोडत असतो आणि आपण वरून नवा रंग चढवत राहतो.

आधी पोपड्याची पाठ बघा

पोपडा तळहातावर घ्या. पाठीला काय चिकटून आलंय त्यावरून कोणता थर फुटला ते कळतं, आणि दुरुस्ती त्या थरापासून सुरू करायची असते.

पाठ खरखरीत असेल, तिच्यावर वाळूचे, गिलाव्याचे कण आले असतील तर गिलावाच भुसभुशीत झालाय. याच्यामागे बहुधा ओल असते, आणि ओलीबरोबर आलेले क्षार. इथं जगातला उत्तमातला उत्तम रंग लावलात तरी तो गिलाव्यासकट खाली येईल.

पाठीवर पांढरी भुकटी असेल, बोट फिरवलं की बोट खडूसारखं पांढरं होत असेल, तर खाली जुना डिस्टेंपर आहे, चुन्याची सफेदी आहे, नाहीतर पुट्टी घासल्यावर न पुसलेली धूळ आहे. घरी काढलेल्या चित्रांत मला हे कारण सगळ्यात जास्त दिसलंय. साध्या डिस्टेंपरमध्ये खडूची भुकटी भरपूर आणि तिला धरून ठेवणारा चिकटा जेमतेम असतो. त्याच्यावर अॅक्रिलिकचा थर दिला की तो सुकताना आकसतो आणि खालच्या भुकटीला ओढतो. भुकटीत तेवढी ताकद नसते. म्हणून चित्र पहिले काही आठवडे छान दिसतं आणि मग कडेनं उचलायला लागतं.

पाठ गुळगुळीत, स्वच्छ, आणि पोपडा प्लास्टिकच्या कागदासारखा लांबच लांब सोलून येत असेल, तर खाली चकचकीत ऑइल पेंट आहे किंवा तेलकटपणा आहे. रंगाला धरायला काही मिळालेलंच नाही. स्वयंपाकघराच्या भिंती, दाराशेजारच्या हात लागून लागून तुकतुकीत झालेल्या जागा, जिन्याची कडा, इथं हे हमखास.

चौथा प्रकार जरा फसवा आहे. चित्राचा रंग निघतो, पण खालचा भिंतीचा रंग जसाच्या तसा राहतो. तेव्हा दोष चित्राच्या थरांमध्येच असतो. रंगात पाणी इतकं घातलेलं असतं की धरून ठेवणारा चिकटाच पातळ होतो, किंवा आराखडा मेणाच्या खडूनं काढलेला असतो, किंवा पोस्टर कलरवर अॅक्रिलिक चढवलेलं असतं. पोस्टर कलर सुकल्यावरही पाण्यानं सुटतो, त्याच्यावर दुसरं काहीही टिकणं अवघड.

माझ्या पोपड्याच्या पाठीवर दोन गोष्टी होत्या. वरच्या अर्ध्याला पांढरी भुकटी, खालच्या टोकाला वाळू. पाय एक, दुखणी दोन. दुसऱ्या खेपेला मी प्रायमर मारला तो या दोन्हींच्या वर, त्यामुळे तोही त्यांच्याबरोबर गेला.

मग भिंतीकडे वळा

चित्र सुटलेल्या जागेपासून दोन-तीन फूट दूर, जिथं सगळं ठीक दिसतंय तिथंही तपासा. आजार केवढा पसरलाय ते त्याशिवाय कळत नाही.

सोपी सुरुवात तळहातानं. उघड्या भिंतीवर गडद रंगाचं कोरडं फडकं किंवा हात जोरात फिरवा. पांढरं आलं की तो थर जायला हवा. त्यानंतर टेप. धारदार पात्यानं रंगावर चार-पाच सेंटिमीटरची फुली मारा, रंगाच्या खालपर्यंत जाईल अशी. फुलीवर चांगला चिकटणारा टेप नखानं घासून बसवा, मिनीटभर थांबा आणि झटक्यात परत दुमडत ओढा. फुलीच्या कडा टेपबरोबर आल्या तर पकड कमजोर आहे. रंग तपासणारे लोकही जवळपास हेच करतात, फक्त त्यांचा टेप ठरलेल्या ताकदीचा असतो. फुली मारायची जागा मात्र चित्राच्या गडद, गर्दीच्या भागात निवडा. मी ती मोकळ्या आकाशात मारली आणि नंतर तिथं एक ढग वाढवावा लागला.

खाली तेलाचा रंग आहे की पाण्याचा हे कळत नसेल तर कापसाच्या बोळ्यावर मेथिलेटेड स्पिरिट घेऊन कोपऱ्यात घासा. अॅक्रिलिक इमल्शन मऊ पडून बोळ्यावर उतरतं, ऑइल पेंटला काही होत नाही. खिडकी उघडी ठेवा आणि आसपास ज्योत नको.

आणि ओलीसाठी प्लास्टिक. साधारण पंचेचाळीस सेंटिमीटरचा पारदर्शक जाड चौकोन चारी बाजूंनी टेपनं घट्ट बंद करून भिंतीवर लावा. किमान सोळा तास हवेत, मी दोन दिवस ठेवते. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले किंवा खालची भिंत काळपटली तर पाणी भिंतीतून येतंय. थेंब बाहेरच्या बाजूला असतील तर ते खोलीतल्या हवेतलं बाष्प आहे, थंड भिंतीवर बसलेलं. ही दोन दुखणी वेगळी आणि त्यांचे उपायही वेगळे, म्हणून ही चाचणी मी कधीच टाळत नाही. मी एक चौकोन बगळ्याच्या पायाशी लावला आणि एक फांदीजवळ, पाच फुटांवर. वरचा कोरडा ठणठणीत. खालच्याच्या आत दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं, संध्याकाळी ओघळ.

ओल कुठून येते

ओल कधी वाढते आणि कधी ओसरते यावर लक्ष ठेवलं तर ती आपला पत्ता सांगते. पाऊस पडल्यावर दोन-तीन दिवसांत डाग गडद होत असेल तर बाहेरची भेग, खिडकीची कड किंवा गच्ची बघा. जमिनीपासून वर चढलेला, वरच्या टोकाला भरतीच्या रेषेसारखी पिवळट-पांढरी कड असलेला डाग असेल तर जमिनीतलं पाणी भिंत शोषून घेतेय. असा डाग बहुतेक वेळा मीटरभराच्या आतच थांबतो. बारा महिने तेरा काळ सारखाच ओला असेल तर पाइपवर संशय घ्या. थंडीच्या दिवसांत, कपाटामागे, बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात काळे ठिपके येत असतील तर ते बाष्प. खोलीत २५ अंश सेल्सिअस तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर १७ अंशांच्या आसपास किंवा त्याहून थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं. बाहेरच्या अंगाची भिंत थंडीत सहज तेवढी गार होते. तिथं कपाट हातभर पुढे ओढणं आणि हवा खेळती ठेवणं हे कुठल्याही रंगापेक्षा जास्त उपयोगी पडतं.

आमच्या डागाभोवती मी पेन्सिलीनं कड काढून तारीख टाकली. आठवडाभर रोज. मध्ये दोन दिवस आम्ही घरी नव्हतो. परत आलो तर डाग कडेच्या आत बोटभर सरकला होता. घरात माणसं नसली की सुकणारी भिंत. भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर. तिथं फरशी आणि भिंत मिळते त्या सांध्यातली भरणी निघून गेली होती, अंघोळीचं पाणी तिथून मुरत होतं. दुरुस्ती अर्ध्या दिवसाची. आणि मी वर्षभर बगळ्याचे पाय काढत बसले होते.

पाणी न थांबवता आतल्या बाजूनं जलरोधक थर मारू नका. मलाही तो मोह झाला होता. भिंतीतलं पाणी कुठूनतरी बाहेर पडणारच. तोंड बंद केलं तर ते थराच्या मागे साठून त्यालाच ढकलतं, किंवा बाजूला सरकून शेजारची चांगली जागा बिघडवतं.

सांधा भरला म्हणून भिंत सुकली असं होत नाही. दर पंधरवड्याला प्लास्टिकचा चौकोन लावून बघत राहिले. पूर्ण कोरडा निघायला आमच्याकडे अडीच महिने लागले. तेवढा काळ तो कोपरा खरवडलेला, करडा, भकास. पाहुण्यांना सांगायचं, काम चालू आहे.

सुकताना भिंतीवर कापसासारखे पांढरे बारीक तंतू येतात. त्याला लोणा म्हणतात. गिलाव्यातले, विटांमधले क्षार पाण्यात विरघळून पृष्ठभागाशी येतात, पाणी उडून जातं आणि क्षार मागे उरतात. ते रंगाच्या आत स्फटिक धरून वाढतात तेव्हा रंगाला आतून उचलतात. लोणा कोरड्या, ताठ ब्रशनं झाडायचा आणि खाली पडलेला उचलून फेकायचा. ओल्या फडक्यानं पुसला की क्षार पुन्हा विरघळून भिंतीत जातात आणि आठवड्यानं परत वर येतात. झाडत राहा. दोन-तीन आठवडे नवा लोणा आला नाही की पुढचं काम.

चित्र न मोडता दुरुस्ती

अख्खी भिंत नव्यानं करायची वेळ क्वचित येते. पण सुटलेल्या जागेपुरतंच खरवडलं तर दुरुस्ती नक्की फसते, कारण कडेचा रंग वरून घट्ट दिसला तरी खालून सुटलेला असतो. पत्रा, म्हणजे खरवडायची पातळ पट्टी, आडवा धरून कडेखाली सरकवत जा. जिथं रंग स्वतःहून उचलायचा थांबतो ती खरी कड. माझ्या बाबतीत नखाएवढ्या जागेची ताटाएवढी झाली. घर जुनं असेल आणि किती जुने थर आहेत ठाऊक नसेल तर कोरडं घासू नका. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं आणि त्याची धूळ मुलांना फार घातक. पाणी शिंपडून खरवडा, तोंडाला धुळीचा चांगला मास्क लावा, मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

कडेची पायरी पॉलिश पेपरनं उतरती करा, आधी १२० नंबर, मग २२०. डोळे मिटून बोट फिरवा, बोटाला पायरी लागली तर डोळ्यालाही दिसणार. खड्डा पुट्टीनं भरताना एकदम जाड थर नको. पातळ दोन-तीन हात द्या, प्रत्येक सुकल्यावर पुढचा. घासून झाल्यावर पुट्टीची धूळ किंचित ओलसर फडक्यानं पुसा, सुकू द्या, परत तळहात फिरवा. पहिल्यांदा चित्र काढलं तेव्हा ही धूळ मी नुसती फुंकली होती. पोपड्याच्या पाठीवरच्या पांढऱ्या भुकटीत तीही असणार.

डिस्टेंपर असेल तर तो कोमट पाणी आणि स्पंजानं धुऊन, खरवडून काढा. प्रायमरनं तो घट्ट होईल या आशेवर राहू नका. प्रायमर वरच्यावर राहतो, खालपर्यंत मुरत नाही. ऑइल पेंटवर मात्र सगळं काढायची गरज नसते. साबणाच्या पाण्यानं तेलकटपणा काढा, स्वच्छ पाण्यानं पुसा, १८० नंबरनं घासून चमक घालवा आणि गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा बाँडिंग प्रायमर लावा. गिलाव्याची जागा असेल तर क्षार सोसणारा प्रायमर हवा.

आता रंग जुळवणं, कौशल्य लागतं ते इथं. अॅक्रिलिक ओलं असताना फिकट दिसतं आणि सुकल्यावर गडद होतं, कारण त्यातला चिकटा ओला असताना दुधी असतो आणि सुकला की पारदर्शक होतो. म्हणून ओला रंग भिंतीशी जुळला म्हणजे सुकल्यावर तो गडद पडणार. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ठिपका द्या, पूर्ण सुकवा, तुकडा चित्राशेजारी धरा, दिवसा खिडकीच्या उजेडात आणि रात्री दिव्यातही. दिवसा जुळलेला रंग रात्री वेगळा दिसू शकतो. माझं तळ्याचं पाणी रात्री जुळत नव्हतं. पुन्हा मिसळताना हिरवा वेगळ्या जातीचा घातला गेला होता.

आणि दुरुस्ती कुठं संपवायची? मोकळ्या, एकसारख्या रंगाच्या मध्यावर कधीच नाही. कितीही जुळवा, तिथं कड दिसतेच. दुरुस्तीची सीमा एखाद्या आकाराच्या कडेपर्यंत न्या, म्हणजे पानाची कड, फांदी, दगड, पाण्याची रेघ. बगळ्याभोवतीचं ताटाएवढं वर्तुळ मी डावीकडे लव्हाळ्यापर्यंत आणि उजवीकडे पाण्याच्या एका गडद लाटेपर्यंत वाढवून रंगवलं. आता मलाही जोड शोधावा लागतो. भिंतीचा मूळ रंग रोलरनं लावलेला असेल तर दुरुस्तीलाही लहान रोलर वापरा. ब्रशनं केलेला तुकडा समोरून दिसत नाही, पण संध्याकाळी उजेड तिरपा पडला की डोळ्यात भरतो.

घाई असली तरी दोन हातांमध्ये डबीवर लिहिलेला वेळ द्या आणि खोली गार असेल तर त्याहून जास्त. अॅक्रिलिकमध्ये चिकट्याचे बारीक कण पाणी उडून गेल्यावर एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा करतात. १० अंश सेल्सिअसच्या खाली ते नीट मिसळत नाहीत. वरून सुकल्यासारखं दिसतं, पण पापुद्रा कच्चा राहतो.

नवीन गिलाव्यावर रंग बदलला तर

हे पोपड्याचं दुखणं नाही, पण "निळा रंग तपकिरी झाला" ही तक्रार दोनदा कानावर आली म्हणून इथंच. सिमेंटचा ताजा गिलावा फार क्षारधर्मी असतो, त्याचा पीएच १२ ते १३ पर्यंत जातो. प्रशियन ब्लू या निळ्याला तो सहन होत नाही, तो तुटून तपकिरी होतो. गेरू, पिवळी माती यांसारखे लोहाचे मातकट रंग, आणि अल्ट्रामरीन, थॅलो ब्लू हे निळे तिथं टिकतात. ऑइल पेंटचं तर अशा गिलाव्यावर अक्षरशः साबणात रूपांतर होतं, तो चिकट मऊ पडतो. गिलावा झाल्यावर निदान चार आठवडे थांबा, दमट हवा असेल तर आणखी, आणि मग क्षार सोसणारा प्रायमर.

जुन्या फ्रेस्कोकारांना ही अडचण वेगळ्या तऱ्हेनं सुटलेली होती. ते ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर पाण्यात कालवलेले रंग लावत. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगडासारखा होताना रंगाचे कण स्वतःतच धरतो, त्यामुळे चित्र हे भिंतीचाच भाग बनतं. आपलं अॅक्रिलिक भिंतीवर बसलेली कातडी असते. लिओनार्दो दा विंचीला ओल्या गिलाव्याची घाई मानवत नव्हती. मिलानमधल्या मठाच्या भोजनगृहात १४९५ ते १४९८ च्या सुमारास त्यानं येशूचं शेवटचं भोजन कोरड्या भिंतीवर टेंपेरा (अंड्यात कालवलेले रंग) आणि तेलाच्या रीतीनं रंगवलं. तो हयात असतानाच ते झडू लागलं होतं. १९७८ साली सुरू झालेली त्याची अलीकडची मोठी दुरुस्ती १९९९ पर्यंत चालली. बगळ्याचा पाय तिसऱ्यांदा हातात आला तेव्हा याची आठवण झाली आणि जरा बरं वाटलं.

बाकीच्या तक्रारी, थोडक्यात

भेग परत परत त्याच रेषेत येतेय: भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं आडवी खूण आणि तारीख. दोन-तीन महिन्यांत खुणेच्या पुढे गेली तर ती जिवंत भेग आहे, तिला ताठ पुट्टी चालत नाही. इंग्रजी व्ही आकारात उकरा, लवचीक भरणी घाला, वर जाळीची पट्टी. खांब आणि विटांची भिंत मिळते तिथं ही हमखास येते. माझा सल्ला, चित्रातली एखादी फांदीच त्या रेषेवरून न्या. भेग रुंद होत असेल, दार अडकायला लागलं असेल, तर चित्र राहू द्या आणि बांधकामाच्या जाणकाराला बोलवा.

सरळ कडेसाठी लावलेला टेप काढताना खालचा रंग उचलला: खालचा रंग एक दिवसही सुकला नव्हता किंवा टेप जास्त दिवस राहिला. वरचा रंग किंचित ओलसर असतानाच टेप स्वतःवर दुमडत हळू ओढा. पूर्ण सुकला असेल तर आधी कडेनं पात्यानं हलकी चीर द्या. टेपखाली रंग झिरपून कड दातेरी होत असेल तर टेप लावल्यावर त्याची कड आधी खालच्याच रंगानं रंगवा. झिरपायचं ते तेच झिरपतं आणि दिसत नाही.

मार्करची रेघ चार हातांनंतरही वर येतेय: ती शाई प्रत्येक नव्या थरात विरघळून वर चढते, म्हणून हात वाढवून उपयोग नाही. शाई-डाग रोखणारा प्रायमर त्या रेघेवर द्या. पुढच्या वेळी आराखडा खडूनं किंवा फिकट वॉटरकलर पेन्सिलीनं काढा.

पिवळा झाकतच नाही: झाकणार नाहीच. बरेच पिवळे आणि लाल रंग पारदर्शक असतात. आधी टायटॅनियम व्हाइटचा हात द्या, सुकल्यावर पिवळा. झिंक व्हाइट इथं कामाचा नाही, तो स्वतःच अर्धपारदर्शक असतो.

काळे ठिपके पुसले तरी येतात: बुरशी आहे, आणि तिच्या मागे ओल. ब्लीचचं पाणी वापरलंत तर त्यात अॅसिड किंवा अमोनियाचं कुठलंही क्लीनर मिसळू नका, विषारी वायू होतो. ओल थांबवल्याशिवाय ती परत येणारच, मग कितीही पुसा.

वार्निशनं पांढरट झालं

चित्र सुंदर झालं, जपायला म्हणून वार्निश मारलं आणि त्यावर धुकं आलं. ही तक्रार मी स्वतःही केली आहे. तीन कारणं बघा. एक, खालचा रंग आतून ओला होता. अॅक्रिलिक अर्ध्या तासात हाताला सुकं लागतं, पण जाड थर आतपर्यंत पक्का व्हायला आठवडे लागतात. निदान आठवडाभर तरी थांबा. दोन, एकच जाड हात. पाण्याचं वार्निश ओलं असताना दुधी असतंच, पातळ असेल तर ते स्वच्छ होतं, जाड असेल तर पाणी आत अडकतं. तीन, मॅट वार्निश न ढवळता वापरलं. चमक घालवणारी पूड तळाशी बसते, मग डबीतलं वरचं वार्निश चकचकतं आणि तळाचं पांढरे पट्टे ओढतं. हलवू नका, फेस होतो. काठीनं सावकाश ढवळा.

धुकं हलकं असेल तर दोन-तीन आठवडे कोरड्या हवेत तसंच सोडा, बऱ्याचदा जातं. घट्ट पट्टे असतील तर बारीक घासून त्याच वार्निशचा पातळ हात.

माझं मत विचाराल तर बैठकीच्या खोलीत, हात न लागणाऱ्या उंचीवर वार्निश नकोच. त्यामुळे पुढची दुरुस्ती अवघड होते. अजिंठ्याच्या चित्रांवर १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला इटलीहून आलेल्या तज्ज्ञांनी जपणूक म्हणूनच लाखेचं वार्निश लावलं. ते पिवळं पडलं आणि नंतरच्या संवर्धकांना ते उतरवत बसावं लागलं. मुलांचे हात लागतात त्या कमरेपर्यंतच्या पट्ट्याला मात्र मी दोन पातळ हात दिलेत.

बगळ्याला चौदा महिने झाले. पायाखालचा वीतभर पट्टा मी मुद्दाम एकाच साध्या, चिखलाच्या रंगात ठेवलाय. पुन्हा काही झालंच तर तेवढाच खरवडायचा. त्या रंगाची झाकण घट्ट लावलेली छोटी बाटली कपाटात आहे, तिच्यावर कोणते रंग कोणत्या मापात मिसळले ते आणि तारीख. प्रायमर कुठला मारला तेही. पंधरवड्याचा प्लास्टिकचा चौकोन आता मी तीन महिन्यांनी एकदा लावते, आणि धाकटी रोज शाळेतून आली की बगळ्याचे पाय मोजते.